राजाच्या लेकी

शाकुंतलाचा चौथा अंक वर्गांत शिकविण्याचा प्रसंग माझ्यावर पुष्कळ वर्षें आला. शकुंतला सासरीं निघते तेव्हां वनदेवता तिला वस्त्रें देतात, सख्या तिच्या अंगावर अलंकार चढवितात, हरिणाचें पाडस तिचा पदर सोडीत नाहीं, आणि जन्माचा अरण्यवासी कण्व असूनहि त्याचा कंठ दाटून येतो. हा भाग चालू असतां वर्गांतील दांडगा मुलगाहि क्षणभर स्तब्ध होई. कन्येची पाठवणी हा विषयच असा आहे कीं, त्यास देश, काल व धर्म यांची आडकाठी होत नाहीं. परंतु जिला कण्व नाहीं, सख्या नाहींत, आणि जिच्या वाटेवर तपोवनाऐवजीं दोन-तीन महिन्यांचा समुद्र आहे, अशा मुलीची पाठवणी कोणीं करावी? फ्रान्स देशाच्या इतिहासांत इ. स. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत अशा सुमारें पावणेआठशें मुलींची पाठवणी झाली. ती राजाच्या खर्चानें झाली, म्हणून त्यांस ‘राजाच्या लेकी’ असें नांव पडलें. त्यांची हकीकत, आणि त्यांच्या आगेंमागें ज्या विरक्त स्त्रियांनीं त्याच देशांत आपलीं आयुष्यें वेंचलीं त्यांची हकीकत, आज वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आहे.

प्रथम या मुलींस दिलेल्या रुखवताकडे पाहूं. प्रत्येकीस एक लहानशी पेटी मिळे. तींत एक टोपी, एक रेशमी रुमाल, बुटांच्या फिती, शंभर सुया, एक फणी, पांढरा दोरा, पायमोजे व हातमोजे यांचा एकेक जोड, एक कातर, दोन सुऱ्या, एक हजार टांचण्या, आणि रोख दोन लीव्र असा ऐवज असे. सोनें नाहीं कीं रुपें नाहीं. परंतु जेथें शिंपी नाहीं आणि दुकान नाहीं, तेथें शंभर सुया व हजार टांचण्या यांचें मोल सोन्याहून अधिक, हें ज्यानें ही यादी केली त्यास ठाऊक असलें पाहिजे. एका मुलीमागें सरकारास सुमारें शंभर लीव्र खर्च येई: दहा तिला शोधून काढण्याचे, तीस कपड्यांचे आणि साठ जहाजाच्या भाड्याचे.

हा खटाटोप राजानें कां केला? उत्तर अमेरिकेंतील सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं शांप्लेन नांवाच्या दर्यावर्दीनें इ. स. १६०८ मध्यें क्वेबेक येथें फ्रेंच वसाहतीचा पाया घातला. पुढें १६२७ मध्यें ‘शंभर भागीदारांची कंपनी’ स्थापन होऊन वसाहत तिच्या हवालीं झाली. कंपनीचें लक्ष कातड्यांच्या व्यापारावर. बीव्हर नांवाच्या जलचर प्राण्याची लोकर युरोपांतील टोप्यांसाठीं सोन्याच्या भावानें विकली जाई. अशा व्यापारास तरणे पुरुष पुरतात. घरें, चुली व पाळणे लागत नाहींत. परिणाम असा झाला कीं, इंग्रजांच्या वसाहती शेजारीं झपाट्यानें फोंफावत असतां फ्रेंच वसाहत मात्र अर्धशतक लोटलें तरी छावणीसारखीच राहिली. अखेर १६६३ मध्यें चौदाव्या लुईनें कंपनी मोडून वसाहत आपल्या ताब्यांत घेतली. त्याचा मंत्री कोल्बेर आणि वसाहतीचा कारभारी झां तालाँ या दोघांनीं हिशेब मांडला. तालाँनें १६६६ मध्यें शिरगणती करविली, तींत ३,२१५ माणसें भरलीं. पैकीं पुरुष २,०३४ आणि स्त्रिया १,१८१. विवाहयोग्य वयाच्या मंडळींत तर हें अंतर याहून कितीतरी मोठें होतें. त्यांतच इरोक्वॉय लोकांशीं लढण्यास १६६५ मध्यें आलेल्या पलटणीपैकीं सुमारें चारशें शिपाई तेथेंच स्थायिक झाले. ‘गृहिणी हेंच गृह’ हा आपल्याकडील सिद्धांत फ्रेंच मंत्र्यास आंकड्यांच्या वाटेनें पटला असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां या मुली कोण होत्या तें पाहूं. पॅरिस व त्याच्या आसपासचा मुलूख आणि उत्तरेकडील नॉर्मंडी प्रांत येथील त्या बहुतांशीं होत्या. जवळजवळ तिसरा हिस्सा पॅरिसमधील साल्पेत्रिएर नांवाच्या प्रचंड अनाथालयांतून निवडला गेला. निम्म्याहून अधिक मुलींचे वडील त्या वयांत येण्यापूर्वींच वारले होते. चारांपैकीं तिघींस स्वतःची सहीहि करतां येत नव्हती. फ्रान्समध्यें त्या काळीं हुंड्याशिवाय मुलीचें लग्न होणें कठीण, आणि बाप नाहीं तेथें हुंडा कोठून येणार? अशा मुलीपुढें मोलकरणीची नोकरी, अनाथालयाचा कोपरा किंवा भीक एवढेच मार्ग उघडे. हुंड्याच्या पायीं मुलीचा जन्म जड होणें ही आपल्याच समाजाची व्यथा आहे असें आपण समजतों. परंतु पृथ्वीच्या पाठीवर ती फार जुनी व फार पसरलेली आहे.

मुलगी नदीकांठच्या धक्क्यावर उतरली कीं तिला लगेच कोणाच्या हवालीं करीत असावेत अशी आपली कल्पना होते. वस्तुस्थिति तशी नव्हती. तिला एखाद्या संन्यासिनीच्या किंवा प्रतिष्ठित विधवेच्या देखरेखीखालीं ठेवीत. वर तेथें येत, बोलणीं होत, मग नोटरीपुढें करारपत्र आणि त्यानंतर चर्चमध्यें विवाह. बहुतेकींचीं लग्नें थोड्याच महिन्यांत लागत; पण करारपत्र झाल्यावरहि मन बदललें तर तें रद्द करतां येई, आणि कित्येकींनीं तें खरोखरच रद्द करून दुसरा वर पत्करला. क्वेबेकच्या मठांतील एका संन्यासिनीनें आपल्या पत्रांत लिहून ठेविलें आहे कीं, या मुली वराला पहिला प्रश्न ‘घर बांधलें आहे काय?’ हाच विचारीत. म्हणून शहाणे तरुण लग्नाच्या आधीं एक वर्ष झोंपडी उभारण्यास लागत. निरक्षर, पोरक्या, परक्या देशांत आलेल्या मुलींनीं असा रोखठोक प्रश्न विचारावा आणि पुरुषांनीं त्याचें उत्तर देणें प्राप्त व्हावें, ही गोष्ट मला या सर्व हकीकतींत फार मोलाची वाटते. लग्न ठरल्यावर पन्नास लीव्र राजाची देणगी म्हणून द्यावे असा प्रघात होता. तथापि उपलब्ध करारपत्रांवरून पाहतां निम्म्याहूनहि कमी मुलींच्या नांवें तिची नोंद आढळते. राजांचीं वचनें आणि राजांच्या तिजोऱ्या यांचा मेळ सर्वत्र सारखाच!

मात्र राजाची कृपा निर्हेतुक नव्हती हें विसरतां कामा नये. त्यास प्रजा हवी होती. दहा जिवंत अपत्यांच्या बापास सालीना तीनशें लीव्र व बारा अपत्यें असल्यास चारशें लीव्र देण्याचें फर्मान निघालें. वीस वर्षांच्या आंत लग्न करणारा मुलगा व सोळाच्या आंत लग्न करणारी मुलगी यांस वीस-वीस लीव्र बक्षीस ठरलें. जे अविवाहित पुरुष जहाज आल्यावर पंधरा दिवसांत लग्न करणार नाहींत त्यांस शिकार, मासेमारी व मूळच्या रहिवाशांशीं व्यापार यांची तालाँनें बंदी केली. म्हणजे स्त्रीची कूस हें राज्याच्या जमाखर्चांतील एक खातें बनलें. या मुलींस एकंदर साडेचार हजारांच्या आसपास अपत्यें झालीं, आणि १६७२ पर्यंत वसाहतीची वस्ती दुपटीहून वाढून सुमारें ६,७०० वर गेली. पुढें युरोपांत युद्ध सुरू झालें, खर्च परवडेना, आणि १६७३ नंतर ही योजना बंद पडली. परंतु आज कॅनडांतील फ्रेंचभाषी समाजापैकीं बहुसंख्य लोक आपली वंशावळ या पावणेआठशें मुलींपैकीं कोणा ना कोणापर्यंत नेऊन भिडवूं शकतात.

एवढें करूनहि या बिचाऱ्यांच्या वांट्यास अपकीर्ति आलीच. लाओंतां नांवाच्या एका सरदारानें १७०३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत या मुली म्हणजे बाजारबसव्या होत्या असें रंगवून लिहिलें. हा गृहस्थ कॅनडांत उतरला १६८३ मध्यें, म्हणजे शेवटचें जहाज येऊन गेल्यावर दहा वर्षांनीं! उलट, स्वतः त्या देशांत संसार थाटलेल्या पिएर बूशे यानें १६६४ मध्येंच लिहून ठेविलें होतें कीं, मुलीच्या शीलाविषयीं नातलगांनीं वा ओळखीच्यांनीं हमी दिल्याखेरीज तिला जहाजावर घेत नाहींत. अलीकडे इतिहाससंशोधकांनीं चर्चमधील नोंदी, करारपत्रें व न्यायालयांचीं दप्तरें चाळलीं, त्यांत असा आरोप झालेली स्त्री एखादीच निघाली. पुढें १७१९-२० च्या सुमारास लुइझियाना प्रांतांत कैदी स्त्रिया बळजबरीनें धाडण्यांत आल्या. त्या निराळ्या प्रसंगाचा डागहि लोकांनीं या मुलींच्याच पदरीं बांधला. निराधार स्त्रीविषयीं वाईट बोलण्यास पुरावा लागत नाहीं आणि तें खोडून काढण्यास मात्र अडीचशें-तीनशें वर्षें लागतात, हा न्याय आपणांसहि अपरिचित नाहीं.

आतां त्या विरक्त स्त्रियांकडे वळूं. वर जिच्या पत्राचा उल्लेख केला ती क्वेबेकच्या उर्सुलीन मठाची संस्थापिका मारी. संन्यासदीक्षेनंतर तिनें ‘अवताराची मारी’ असें नांव धारण केलें. ती १५९९ मध्यें तूर शहरीं जन्मली. एकोणिसाव्या वर्षीं विधवा झाली, कडेवर तान्हा मुलगा. पतीचें कर्ज निस्तरून, मेहुण्याच्या मालवाहतुकीच्या धंद्याचा कारभार तिनें अनेक वर्षें समर्थपणें पाहिला. मुलगा क्लोद अकरा वर्षांचा झाला आणि १६३१ मध्यें ती त्यास नातलगांच्या स्वाधीन करून मठांत गेली. मुलगा आपल्या सवंगड्यांसह मठाच्या दारांशीं येऊन ‘माझी आई मला परत द्या’ म्हणून आक्रोश करी. संन्यास घेणाऱ्या पुरुषांच्या कथा आपण भक्तिभावानें ऐकतों. परंतु एका मातेनें हें केलें म्हणतांच आपलें मन कचरतें. तिचेंहि कचरत होतें. आयुष्यभर तिनें त्या मुलास पत्रें लिहिलीं. तो पुढें स्वतः संन्यासी झाला, आणि मातेच्या मृत्यूनंतर तिचीं पत्रें १६८१ मध्यें त्यानेंच प्रसिद्ध केलीं. त्या काळच्या कॅनडाचा इतिहास जाणण्यास तीं पत्रें अमोल समजलीं जातात. १ ऑगस्ट १६३९ रोजीं ती क्वेबेकला उतरली व तिनें मुलींची शाळा काढली. त्याच जहाजानें दिएप गांवच्या तीन रुग्णसेविका संन्यासिनी आल्या आणि त्यांनीं क्वेबेकचें पहिलें रुग्णालय चालविलें. त्याचा खर्च रिशेल्यूच्या भाचीनें सोसला. १६५० च्या डिसेंबरांत मारीचा मठ जळून खाक झाला, तो तिनें पुन्हां उभारला. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिनें तेथील मूळच्या रहिवाशांच्या भाषा शिकावयास घेतल्या आणि त्यांचे कोश रचले. ज्यानें साठ वर्षें कोशाशीं संगत केली त्यास या एका गोष्टीपुढें हात जोडावेसे वाटतात.

दुसरी स्त्री मार्गरीत बुर्झ्वा. ही १६२० मध्यें त्र्वा शहरीं जन्मली, १६५३ मध्यें माँट्रियल येथें आली, आणि १६५८ मध्यें दगडी गोठा साफसूफ करून त्यांत तिनें शाळा भरविली. गोठ्याच्या वर माळा होता, तेथें शिडीनें चढून ती व तिच्या सहकारिणी निजत. राजाच्या लेकी माँट्रियलच्या कांठीं उतरत तेव्हां त्यांस सामोरी जाणारी हीच. ती त्यांस आपल्यापाशीं ठेवून घेई. भाकरी भाजणें, कपडे शिवणें, हिंवाळ्यासाठीं धान्य व लांकूडफांटा यांची बेगमी करणें, इत्यादि संसाराचे धडे देई. १६६८ मध्यें तिनें शहराबाहेर शेती खरेदी केली. तेथील जुनें घर आज वस्तुसंग्रहालय म्हणून जपलेलें आहे.

या बाईचा खरा झगडा निराळाच होता. सोळाव्या शतकांतील ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासून संन्यासिनींनीं मठाच्या भिंतींआडच राहिलें पाहिजे असा कडक दंडक होता. फ्रान्समध्यें व्हिन्सेंट द पॉल व लुईझ द मारियाक यांनीं १६३३ मध्यें दीनसेविकांचा संघ काढून तो दंडक प्रथम युक्तीनें सैल केला. बुर्झ्वाबाईचें म्हणणें असें कीं, शाळा जर खेडोपाडीं न्यावयाची तर शिक्षिकेस बर्फांतून पायीं, नावेंतून, घोड्यावरून फिरावेंच लागेल. येशूची माता मेरी स्वतः डोंगर ओलांडून आपल्या गरोदर नातलग स्त्रीच्या मदतीस गेली नव्हती काय? बिशपनें तिच्या संघास उर्सुलीन मठांत विलीन करण्याचा आग्रह धरला. ती नमली नाहीं. राजाची सनद तिला १६७१ मध्यें मिळाली. परंतु संघाची नियमावली मान्य होण्यास १६९८ साल उजाडलें. त्यानंतर दोन वर्षांच्या आंत, १२ जानेवारी १७०० रोजीं, ती वारली. शास्त्राचा आधार शास्त्रांतूनच शोधून रूढीची कडी उघडण्याची ही रीत आपल्याकडील सुधारकांच्या परिचयाची आहे.

तिसरी स्त्री त्या देशांतच जन्मलेली: मार्गरीत द्यूव्हिल. वर उल्लेखिलेल्या पिएर बूशेची ही पणती. पति दुर्व्यसनी, मूळ रहिवाशांस चोरून दारू विकण्याबद्दल त्याचा दुर्लौकिक झालेला. सहा मुलांपैकीं चार बालपणींच दगावलीं. १७३० मध्यें तो वारला तेव्हां मागें कर्ज तेवढें राहिलें. लहानसें दुकान चालवून तिनें कर्ज फेडलें, आणि १७३७ च्या अखेरीस तीन मैत्रिणींसह दरिद्री व अपंग यांच्या सेवेचें व्रत घेतलें. लोकांनीं काय करावें? ‘ग्री’ या फ्रेंच शब्दाचे दोन अर्थ आहेत: करडा आणि झिंगलेला. पतीच्या धंद्यावरून लोक त्यांस ‘झिंगलेल्या भगिनी’ म्हणून हिणवूं लागले, वाटेंत दगड मारूं लागले. पुढें त्यांनीं आपला वेष ठरविला तो करड्या रंगाचा, आणि तेंच नांव अंगीकारलें! १७४७ मध्यें कर्जांत बुडालेलें माँट्रियलचें अनाथ-अपंगालय त्यांच्याकडे आलें आणि त्यांनीं तें सांवरलें. टाकून दिलेलीं अर्भकेंहि त्या उचलून आणीत.

येथेंच थांबलों तर लेख गोड होईल, पण खरा होणार नाहीं. ती भूमि निर्जन नव्हती. युरोपीय माणसांबरोबर देवीचा रोग आला आणि त्यानें मूळच्या रहिवाशांचीं गांवेंच्या गांवें उजाड केलीं. मारीच्या शाळेंत त्यांच्या मुलींस फ्रेंच चालीरीतींत वाढविण्याचा प्रयत्न झाला. त्या मुली संधि मिळतांच अरण्यांत परत जात, आणि शंभरांत एखादीच आमच्या वळणावर येते असें मारीनेंच प्रांजळपणें लिहिलें आहे. तिनें ती हार मान्य केली. पुढच्यांनीं केली नाहीं. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या अखेरपर्यंत कॅनडाच्या सरकारानें त्या लोकांचीं मुलें आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडलीं. त्या शाळा बहुतांशीं ख्रिस्ती पंथांनीं चालविल्या. करड्या भगिनीहि कित्येक ठिकाणीं त्या कामावर होत्या. तेथील हाल, मारहाण व मृत्यु यांची चौकशी होऊन २०१५ मध्यें आयोगानें त्यास एका संस्कृतीचा संहार असें नांव दिलें. क्लोदचा आक्रोश ज्या मठाच्या दारांशीं उठला, त्याच परंपरेच्या दारांशीं असंख्य आयांचा आक्रोश उठावा, यास काय म्हणावें? दया ही मोठी गोष्ट खरी; पण जिच्यावर दया करावयाची तिची संमति विचारली नाहीं, तर तीच दया जुलूम होते.

हें सर्व दूरदेशींचें आहे असें कोणी म्हणेल. तर आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहावें. पोर्तुगालच्या राजानें सोळाव्या शतकाच्या मध्यापासूनच ‘राजाच्या अनाथ कन्या’ गोव्यास धाडण्यास आरंभ केला होता, आणि त्यांच्या वरांस हुंडा म्हणून सरकारी हुद्दे देण्याची चाल होती. त्यांच्यासाठीं तेथें आश्रयगृह होतें. आणि १६०६ मध्यें आर्चबिशप मेनेझिस यानें जुन्या गोव्यांत सांता मोनिकाचा मठ काढला, तो पूर्वेकडील पहिला ख्रिस्ती स्त्रीमठ होय. त्याची भव्य इमारत आजहि पाहावयास मिळते.

याहून जवळचा दुवा पुण्याचा आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनी-संघांत राहिल्या. तेथील भगिनी पतित समजल्या जाणाऱ्या स्त्रियांस जवळ करून पुन्हां उभ्या करितात, हें फुलम येथें पाहून आपलें मन हाललें, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. त्यांच्या धर्मांतरानें आपल्या समाजास धक्का बसला, आणि तो मी नाकारीत नाहीं. परंतु १८८९ मध्यें त्यांनीं काढलेल्या शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, याच पुढें १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. आणि १८९६ मध्यें कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीं गांवोगांव फिरून, पुढें अमेरिकेपर्यंत जाऊन, आश्रमासाठीं वर्गणी जमविली. तेव्हां धर्म न सोडतांहि तीच सेवा आपल्या घरांतून उभी राहूं शकते, हें आपल्याच बायकांनीं सिद्ध केलें आहे.

लेख संपवितांना एक घरची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं आजोबांच्या थोरल्या भगिनी होत्या. बालविधवा, लाल आलवणांत सारा जन्म गेलेला. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असूं. घरांतील प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक दुखणें त्यांच्या हातून निघालें. आलेलें कार्ड त्या मजकडून दोनदोनदां वाचवून घेत. एकदां त्यांनीं हळूच विचारलें, “मला येईल का रे हें शिकतां?” मी नऊ-दहा वर्षांचा पोर, मी हंसलों आणि खेळायला पळालों. पुढें छत्तीस वर्षें मी शेंकडों मुलांना अक्षरें शिकविलीं, पण तो एक प्रश्न तसाच राहिला.

माँट्रियलच्या त्या गोठ्यांतल्या शाळेची हकीकत वाचतांना मला आत्याबाई आठवल्या. राजानें मुलींस पेटी दिली ती स्वतःच्या गरजेपोटीं. पण बोट कांठास लागली तेव्हां कोणी एक बाई हात पुढें करून उभी होती, हें त्या मुली मरेपर्यंत विसरल्या नसतील. आपल्याहि घरांत, आळींत, नात्यांत कोणी तरी अशी कांठावर उतरलेली असते. तिला ‘तुला काय हवें?’ असें विचारावें, आणि तिनें उत्तर दिलें तर हंसूं नये, एवढीच माझी वाचकांस विनंति आहे.